रेडीमेड गोठा

गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो आला. फायबरचा गोठा. आत मारिया, योसेफ, बाळ येशू, दोन मेंढ्या, एक गाय, तीन राजे. छपराला एलईडीची माळ, खाली हिरवंगार प्लास्टिकचं गवत, आणि सगळं एकाच पाटावर गोंदाने पक्कं बसवलेलं. फोटोखाली ओळ होती, 'रेडी टू यूज, होम डिलिव्हरी फ्री.' पाच मिनिटांत अकरा अंगठे वर झाले. दादाने लिहिलं, 'ऑर्डर केला. यंदा नो टेन्शन.'

मी विचारलं, 'मग पिल्लू काय करणार?' पिल्लू म्हणजे माझी पुतणी, वय वर्षं सात.

वहिनीचं उत्तर आलं, 'ती बघणार ना.'

हा सगळा लेख त्या 'बघणार'वर आहे. वहिनीवर नाही, तिच्याकडे मी नंतर येतोच, कारण तिचं म्हणणं माझ्यापेक्षा वजनदार आहे.

आधी माझी लायकी सांगून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये कुणाला कष्ट नकोत. मी अठ्ठावीस वर्षांचा, इंजिनिअर, दिवसभर दुसऱ्यांच्या सर्व्हरची काळजी वाहतो. लग्न नाही, पोरं नाहीत. 'पोरं झाली की कळेल' हे वाक्य मला वर्षातून सरासरी वीसदा ऐकवलं जातं. आणि मी श्रद्धाळू आहे का, असं रविवारी सकाळी मिस्साच्या वेळेला विचारलंत, तर बहुधा झोपेत सापडेन. तरीही मला वाटतं की वसईतली आमची पिढी घरातला सण मोडीत काढते आहे, आणि वर 'मुलांसाठी' केल्याचं समाधानही मिळवते आहे.

आमच्याकडे गोठा कसा व्हायचा ते सांगतो. सुरुवात साधारण दहा-बारा दिवस आधी, नाचणीने. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात माती, वर मूठभर नाचणी, पाणी शिंपडायचं, आणि डबा उन्हात ठेवायचा की सावलीत यावरून भांडायचं. चोवीस तारखेपर्यंत चार बोटं उंच कोवळं गवत तयार. तेच बेथलेहेमचं कुरण. गोव्यात, बांद्र्याच्या गावठाणांतही असंच करतात. जुने पेपर खळीत भिजवून, चुरगळून, चॉकलेटी रंग मारला की डोंगर. पेंढा शेजारच्या तबेल्यातून. आणि पाळणा रिकामा. चोवीसच्या रात्री मिस्साहून आल्यावरच बाळ त्यात ठेवायचं, आणि ते घरातल्या सगळ्यात लहान पोराने.

माझं खातं तीन राजांचं. ते पूर्वेकडून येतात, म्हणून त्यांचा मुक्काम टीव्हीवर, गोठ्यापासून अख्ख्या हॉलभर लांब. तेव्हाच्या टीव्हीवर राजे मावायचे. रोज एक वीत पुढे सरकवायचे, शोकेसवरून, खिडकीच्या कठड्यावरून, म्हणजे ६ जानेवारीला बरोबर गोठ्याच्या दारात. एकदा मी घाईने त्यांना एकतीस डिसेंबरलाच पोचवलं, तर पप्पांनी उचलून परत शोकेसवर ठेवले. 'वाट लांबची आहे, चालू दे त्यांना,' एवढंच म्हणाले. पूर्व कुठे, तारा कुठे, राजे उशिरा का आले, हेरोद कोण, हे सगळं मला त्या सरकवण्यातून कळलं. संडे स्कूलमध्ये नंतर फक्त उजळणी झाली.

आणि फायबरच्या गोठ्यात राजे पहिल्या आठवड्यापासून हजर! बाळ जन्माला यायचंय, पण पाहुणे बारशाला येऊन बसलेत, तेही गोंदाने चिकटून. कोडमध्ये असा घोळ कुणी केला तर मी रिव्ह्यूला पास करणार नाही. पण खरा घोळ तिथे नाही. त्या गोठ्यात हलवण्यासारखं काही उरलंच नाही. सात वर्षांच्या पोरीला त्याच्याशी करण्यासारखी एकच गोष्ट आहे, बटण दाबून लाइट लावणं. तेही रिमोटवर.

आता यावर पहिला बचाव येतो तो जरा धार्मिक असतो. 'अरे, सण चर्चमध्ये होतो. घरचं म्हणजे नुसतं खाणंपिणं आणि सजावट.' आमच्याकडे हे शहाणपण म्हणून सांगतात. मला ते इतिहासाच्या अंगानेही चूक वाटतं.

माझी आजी गेली तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती. तिच्या तरुणपणापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकांच्या भाषेला वाट करून दिली, त्यानंतर वेदीवर मराठी आली. म्हणजे आजीच्या लहानपणी देवळात जे चालायचं त्यातला शब्दन् शब्द तिला परका. कळायचं ते घरी. संध्याकाळची रोजरी मराठीत, लदीन आळीतल्या क्रूसापाशी, संतांच्या गोष्टी तिच्या आजीकडून, आमच्या बोलीत. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं ते रोमन लिपीत, पण अकरा हजारांच्या आसपास ओव्या मराठीत, कारण इथल्या नव्या ख्रिस्ती माणसांना गोष्ट आपल्या कानाला समजेल अशी हवी होती. कितीतरी पिढ्या कळणारा धर्म घरात होता आणि न कळणारा देवळात. मग देवळात मराठी आली, चांगलंच झालं, पण घराने तेवढ्यात आपलं काम फादरांवर सोपवून हात झटकले. आता पोरं इंग्रजी मीडियमला, त्यामुळे देवळातली मराठीही त्यांना धड कळत नाही, आणि घरी कुणी काही बोलत नाही. दोन्हीकडून गेलं. गंमत म्हणजे खुद्द त्याच परिषदेने १९६४ साली कुटुंबाला 'घरातलं चर्च' म्हटलंय. आपण मात्र घराला सणाचं डायनिंग टेबल करून ठेवलंय.

भाषेवरून कुणी गळा काढू नये म्हणून एक सांगतो. रोजरीतल्या प्रार्थनेचे दोन भाग असतात, पहिला एकाने म्हणायचा, दुसरा बाकीच्यांनी. आजी अंथरुणाला खिळल्यावर पिल्लू तिच्यापाशी बसायची. आजी पहिला अर्धा मराठीत म्हणायची, पिल्लू दुसरा अर्धा इंग्रजीत. दोघींचं छान चालायचं. शुद्ध भाषेचा आग्रह धरणारं कुणी तिथे नव्हतं, आणि पिल्लूला न शिकवता अर्धी मराठी प्रार्थना पाठ झाली. तिथे तिला काम होतं. ती थांबली की आजीची माळ अडायची.

मे महिन्यात क्रूसापाशी लदीन संपली की उकडलेले चणे मिळायचे. आम्ही पोरं त्या चण्यांसाठीच जायचो, हे कबूल. पण पुड्या बांधायचं काम आमचंच होतं, आणि पुड्या कमी पडल्या तर शिव्या आम्हालाच. मुंबईतल्या गावठाणांमध्ये यातले कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीतले आहेत. देऊळ लांब, माणसं घाबरलेली, म्हणून लोक घराबाहेरच जमून प्रार्थना करत. फादर येण्याची वाट बघत बसले नाहीत.

दुसरा प्रकार फोनमधून येतो. आमच्या वयाच्या ख्रिस्ती आईबापांना सध्या अमेरिकन कॅथलिक घरांची रील्स फार दिसतात. आगमनकाळातल्या चार रविवारांसाठी पाइनच्या फांद्यांचं कडं, त्यात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती. ६ डिसेंबरला संत निकोलससाठी दाराशी बूट. जानेवारीत दारावर खडूने राजांची आद्याक्षरं. प्रत्येक संताचं रंगवायचं चित्र पीडीएफमध्ये, डाउनलोड करा, प्रिंट काढा, पोराच्या हातात द्या, तेवढ्यात स्वयंपाक उरका.

हे परदेशी आहे म्हणून मी ओरडत नाही. पोर्तुगीजांनी १५३४ ला वसई घेतली, चिमाजी अप्पांनी १७३९ ला ती परत मिळवली, मधल्या दोनशे वर्षांत आमच्या घरात काय काय आलं याची यादी करायला बसलो तर लेख संपणार नाही. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज. पाइनचं कडं शंभर वर्षांनी आमचंही होईल कदाचित. माझी तक्रार वेगळी आहे. या रील्सची आजी शोधत गेलात तर मारिया फॉन ट्रॅपपाशी पोचाल. 'साउंड ऑफ म्युझिक'वाली, खरीखुरी. तिने १९५५ साली वर्षभराच्या सणांवर पुस्तक लिहिलं. ती ऑस्ट्रिया सोडून अमेरिकेत आलेली बाई. आपल्या गावच्या चालीरीती तिला हातांनी माहीत होत्या, त्या परक्या देशात पोरांसोबत कशा जपल्या ते तिने लिहिलं. आपण तिची नक्कल करताना तिने केलं त्याच्या नेमकं उलट करतो. आपल्या गावात बसून तिचं गाव मागवतो, तेही हिरव्या प्लास्टिकमध्ये. तिच्यासारखं करायचं तर बाहेर वाडीत जावं लागेल. तिथे केळीची पानं आहेत, चाफा आहे, झावळ्या आहेत. कड्याला याहून जास्त काय लागतं?

मध्येच एक गोष्ट, वाचकांतल्या बहुसंख्यांसाठी. माझ्या ऑफिसातल्या मित्राकडे डोंबिवलीला मी दरवर्षी गणपतीला जातो. त्याचा पाच वर्षांचा मुलगा दूर्वा निवडतो. एकवीस. मोजताना चौदानंतर हमखास चुकतो, पुन्हा पहिल्यापासून. आरती तोवर थांबते. घरातले वैतागतात, पण थांबतात. त्या पोराला विचारा गणपती कुणाचा, तो 'माझा' म्हणेल. आमच्याकडे नाताळ कुणाचा, असं पिल्लूला विचारलं तर ती सँटाचा म्हणाली. (तुम्हीही फार हसू नका. मखर इकोफ्रेंडली रेडीमेड, मोदक ऑर्डरचे, दूर्वांची जुडी मोजून पॅकेटात, ही गाडी तुमच्या स्टेशनवरही पोचलेली आहे.)

तिसरा बचाव माझ्या मित्रांचा, आणि काही वर्षं माझाही होता. 'मुलांवर काही लादायचं नाही. मोठी झाली की ठरवतील.' ऐकायला छानच आहे. पण आपण पोरांवर बाकी सगळं खुशाल लादतो. कोडिंगचा क्लास, स्केटिंग, इंग्रजी. ती मोठी होऊन ठरवतील म्हणून इंग्रजी शिकवायचं थांबलंय का कुणी? मला आज सगळं पटत नाही, तरी न पटायला हातात काहीतरी आहे. झावळ्यांच्या रविवारी आणलेली झावळी आम्ही येशूच्या तसबिरीमागे खोचायचो. वर्षभर ती तिथेच वाळायची. पुढच्या वर्षी उपवासकाळ लागायच्या आधी ती परत देवळात नेऊन द्यायची, ती जाळून राख व्हायची, आणि राखेच्या बुधवारी तीच राख कपाळावर. हिरव्या पानाची राख व्हायला एक वर्ष लागतं आणि ते वर्ष आपल्याच भिंतीवर जातं. झावळी काढून आणायचं काम माझं होतं, स्टुलावर चढून. मरण म्हणजे काय याबद्दल मला नंतर कुणी जे काही सांगितलं, ते सगळं या झावळीच्या मागून आलं. मी देव मानतो की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा. ही झावळी मला कुणी दिली नसती, तर मी आज नेमकं काय नाकारलं असतं?

आणि इथे मला २ नोव्हेंबरबद्दल बोलायचंय. मृतांचा दिवस. आदल्या दिवशी, १ तारखेला, सर्व संतांचा सण. त्या दिवसाचं आपण काय केलंय बघा, फॅन्सी ड्रेस. पोरांना भाड्याचे झगे आणून संत बनवायचं. निळ्या काठाच्या साडीतल्या छोट्या मदर तेरेसा दर वर्षी निदान चार. दोन ओळी पाठ, फोटो, सर्टिफिकेट. ठीक आहे, गोड दिसतात. पण दुसऱ्या दिवशी सिमेटरीत जायचं असतं तेव्हा याच पोरांना घरी ठेवतात. 'घाबरेल.'

आम्ही जायचो. कबरीवरचं गवत उपटायचं, लादी घासायची, वितळलेलं मेण नखांनी खरवडायचं, शेवंतीच्या पाकळ्यांनी क्रूस काढायचा. कुणाची कबर कुठली हे पप्पा सांगायचे, त्यात भांडणंही निघायची. कुणी कुणाचं शेत लाटलं हे मला तिथे कळलं. घाबरायला सवडच नव्हती. संध्याकाळी शेकडो मेणबत्त्या लागल्या की ती जागा वर्षातली सगळ्यात सुंदर दिसायची, हेही खरं.

आजी परवाच्या पावसाळ्यात गेली. त्यानंतरच्या २ नोव्हेंबरला दादा म्हणाला, 'पिल्लूला नको न्यायला.' मी गप्प बसलो, माझं पोर नाही. आम्ही गेलो, ती घरी यूट्यूब बघत बसली. परत आल्यावर तिने माझ्या हाताला लागलेलं मेण बघितलं आणि विचारलं, 'आजीला भेटून आलात?' आम्ही पाच मोठी माणसं होतो. एकालाही पटकन 'हो' म्हणता आलं नाही. ज्या पोरीने आजीची माळ अडू दिली नाही, तिला आजीच्या कबरीवरचं मेण खरवडायचा हक्क नाही, हे आम्ही तिच्या भल्यासाठी ठरवलं होतं.

आता वहिनी. ग्रुपवर माझं लांबलचक भाषण झाल्यावर तिने मला वेगळा मेसेज केला. 'हे सगळं छान आहे. करायचं कोणी? तू येणारेस का नाचणी पेरायला? तुझ्या आठवणीत कुलकुल गमतीचे आहेत, कारण तू फोर्कवर दोन वळून झोपायला जायचास. मम्मी रात्री दोनपर्यंत तळत असायच्या.'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही पूर्ण नाही. ज्याला मी आजवर 'घरातला सण' म्हणत आलो तो बऱ्याच अंशी आई, काकू, आजी यांच्या पाठीच्या कण्यावर उभा होता. पप्पा राजे सरकवायला होते, तळायला नव्हते. वहिनी विरारहून लोकलने अंधेरीला जाते, साडेआठला घरी येते. तिने रेडीमेड गोठा मागवला तर ती परंपरा मोडत नाहीये, ती फक्त चोवीस तासांत मावायचा प्रयत्न करते आहे. तिला सण परत आण म्हणणारा अविवाहित दीर हा मराठी साहित्यातला सगळ्यात चीड आणणारा प्राणी असावा.

पण मग यातून निघतं काय? मला वाटतं, सण कमी करा. नऊ प्रकारच्या मिठायांचं ताट शेजाऱ्यांकडे पाठवायची स्पर्धा बंद करा. नेवऱ्या विकत आणा, डोडोल विकत आणा, केक तर आणाच, कुणी मेलं नाही विकतच्या केकने. एक गोष्ट ठेवा, पोराच्या हाताने होणारी, आणि ती वाकडी होऊ द्या. कुलकुल पोराने वळलेत तर ते गांडुळासारखे दिसतील, तसेच द्या शेजाऱ्यांना. आणि पुरुषांनी रजा काढा.

रजेचं बोलायचं तर माझंच तोंड काळं आहे. आमचा क्लायंट अमेरिकेतला. २४ डिसेंबरला तिकडे सगळे घरी, ख्रिसमस साजरा करायला. त्यांचा ख्रिसमस सुखात जावा म्हणून सपोर्टला माणूस लागतो तो इथे, मी. तीन वर्षं मी चोवीसच्या रात्री लॅपटॉपसमोर होतो, कारण शिफ्टचा डबल अलाउन्स मिळतो आणि 'मिस्सा काय, यूट्यूबवर लाइव्ह असतेच.' म्हणजे बघणाऱ्यांत पहिला नंबर माझाच. पाळण्यात बाळ ठेवताना मी तीन वर्षं घरात नव्हतो, आणि फॅमिली ग्रुपवर मात्र परंपरेवर व्याख्यान.

यंदा मी ऑक्टोबरातच मॅनेजरला सांगितलं, चोवीस ते सव्वीस नाही. त्याने विचारलं, 'समथिंग इम्पॉर्टंट?' मी म्हटलं, 'पाळण्यात बाळ ठेवायचंय.' त्याला वाटलं माझ्याकडे कुणीतरी बाळंत झालंय. मी खुलासा केला नाही. रजा मिळाली.

आणि चौदा तारखेच्या रविवारी नाचणी घेऊन दादाकडे गेलो. फायबरचा गोठा शोकेसवर येऊन बसलेला होताच, तो काही मी फेकायला सांगितला नाही. पिल्लूने दोन डब्यांत नाचणी पेरली. एका डब्यात इतकं पाणी ओतलं की तो कुजला, दुसरा आला. तिला मी राजांची गोष्ट सांगितली, पूर्वेकडून, लांबून, रोज एक वीत. ती गोठ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, 'पण काका, हे तर आधीच आलेत.'

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन. आवाज चढलेला. पिल्लूने स्टीलची पट्टी घालून तिन्ही राजे उचकटले होते. दोन नीट निघाले, तिसऱ्याचा एक पाय पाटावरच राहिला. अठराशेचा गोठा, तुझ्यामुळे. मी म्हटलं, पैसे देतो. तो म्हणाला, पैशाचा प्रश्न नाही. मग कसला आहे ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्यांचा टीव्ही भिंतीवरचा, सपाट. त्यावर राजे उभे राहत नाहीत, म्हणून मुक्काम फ्रिजवर. चोवीसच्या रात्री मी तिथेच होतो. ६ जानेवारीला मात्र ऑफिसात, तेव्हा वहिनीच्या नंबरवरून फोटो आला. पिवळी पडलेली नाचणी, गोठ्याच्या दारात दोन राजे ताठ, आणि तिसरा खोडरबराला टेकवून उभा केलेला.